संप्रेरकोपचार : पहिल्या भेटीपूर्वी

मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याने एखादी सकाळ काढली असेल त्याला तेथील क्रम ठाऊक असतो. खिडकीपाशी रांगेत उभे राहावयाचे, नाव, वय आणि लिंग सांगून केसपेपर काढावयाचा आणि मग बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहावयाची. यात तुम्हाआम्हाला कंटाळ्यापलीकडे काही वाटत नाही. परंतु त्याच रांगेत कधी एखादी व्यक्ती अशी उभी असते की, या तीन साध्या प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे देताना तिच्या घशाला कोरड पडते. कागदावरचे नाव एक, तिने स्वतःशी बाळगलेले नाव दुसरे. जन्माच्या दाखल्यावरचे लिंग एक आणि कळू लागल्यापासून मनाने ओळखलेले दुसरे. पुकारा झाला की साऱ्या माना आपल्याकडे वळणार, हे तिला ठाऊक असते. कित्येक महिने, क्वचित कित्येक वर्षे धीर एकवटून ती येथवर आलेली असते. आणि पुष्कळदा खिडकीपर्यंत पोचण्यापूर्वीच रांग सोडून परत जाते.

अशा व्यक्तींना आपल्याकडे आता पारलिंगी म्हणण्याचा प्रघात पडत आहे. त्या सर्वांनाच वैद्यकीय उपचार हवे असतात असे नाही. ज्यांना ते हवे असतात त्यांची पहिली पायरी बहुधा संप्रेरकोपचाराची, म्हणजेच रोजच्या बोलण्यातल्या हॉर्मोनच्या औषधांची असते. या प्रश्नाच्या कायदेशीर आणि सामाजिक बाजूंवर गेल्या दशकात बरेच लिहिले गेले. डॉक्टरच्या खोलीत काय घडते, काय घडावयास हवे, याची चर्चा मात्र क्वचितच झाली. वस्तुतः ती पहिली भेट कशी होते यावर त्या व्यक्तीचे पुढील आयुष्यातील आरोग्य फार अवलंबून असते. भेट नीट व्हावी म्हणून रुग्णाने तयारी करावयाची असते. परंतु ती एकट्या रुग्णाने करून भागत नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

कायद्याची स्थिती प्रथम थोडक्यात पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले आणि लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनुचित व बेकायदा ठरविले. त्यानंतर २०१९ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला व १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या १५व्या कलमात संप्रेरकोपचार व शस्त्रक्रिया यांची सोय शासनाने करावी, उपचारांपूर्वी आणि नंतर समुपदेशन मिळावे, आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा या दृष्टीने फेरविचार व्हावा, असे नमूद करण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत लिंगभावातील विसंगतीचा उल्लेख मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घेण्यात आला. याचा साधा अर्थ असा की, हे वेड नव्हे. तथापि वैद्यकाच्या साहाय्याची गरज येथे असू शकते आणि ते साहाय्य मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

कागदावर हे सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र डॉक्टरचे दार बंद वाटले की औषधाच्या दुकानाचे दार उघडे दिसते. जन्मनोंद पुरुष म्हणून झालेल्या कित्येकजणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून संततिप्रतिबंधक गोळ्या घेऊ लागतात आणि परिणाम लवकर दिसावा म्हणून एकीच्या जागी तीन-चार घेतात. अशा बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम संप्रेरक असते. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका त्याने अधिक वाढतो, म्हणूनच या उपचारासाठी ते वापरू नये असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. त्याऐवजी शरीरातील संप्रेरकाशी तंतोतंत जुळणारे इस्ट्रॅडिऑल दिले जाते. पायाच्या शिरेत झालेली गुठळी फुप्फुसात पोचली तर प्राणावर बेतते. दुसऱ्या बाजूला, स्त्री म्हणून जन्मनोंद झालेले काहीजण ओळखीतून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मिळवितात; रक्त किती दाट झाले आहे याची तपासणी कोणी करीत नाही. यांना अविचारी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दुकानदार प्रश्न विचारीत नाही, हसत नाही आणि घरी कळवीत नाही, एवढ्याच कारणासाठी माणसे तिकडे वळत असतील, तर दोष केवळ त्यांच्या उतावळेपणाचा नव्हे.

ही अडचण आजची नाही. संप्रेरके वैद्यकाच्या हाती आली तीच मुळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरक १९२९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले; १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झाले; आणि लैंगिक संप्रेरकांवरील संशोधनासाठी ॲडॉल्फ ब्यूटेनांट यांना १९३९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच १९३९ साली इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला शिकलेली एक तरुण व्यक्ती टेस्टोस्टेरॉनचा वापर करणाऱ्या एका डॉक्टरकडे गेली. मुलगी म्हणून वाढविलेल्या या व्यक्तीला पुरुष म्हणून जगावयाचे होते. पुढे मायकेल डिलन या नावाने ओळखले गेलेले ते हेच गृहस्थ. डॉक्टरने त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले. त्या तज्ज्ञाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही. ती गावभर झाली आणि डिलन यांना नोकरी व गाव दोन्ही सोडून ब्रिस्टल येथे एका गॅरेजमध्ये काम धरावे लागले. गोळ्या त्यांना मिळाल्या आणि त्यांचा अपेक्षित परिणामही झाला. पुढे त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या, डब्लिनमध्ये वैद्यकाची पदवी मिळविली आणि जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली. नीतिशास्त्र आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचा संबंध उलगडणारे त्यांचे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचा पूर्वेतिहास चव्हाट्यावर आणला, तेव्हा ते भारतात आले, बौद्ध भिक्षू झाले, आणि १९६२ साली डलहौसी येथे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. औषधाने डिलन यांना दगा दिला नाही. दगा दिला तो सल्ला देणाऱ्या माणसाने. औषध तयार होते, पण खोली तयार नव्हती. ऐंशीहून अधिक वर्षांनंतर औषधे पुष्कळ सुधारली आहेत; खोली किती सुधारली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.

आता रुग्णाच्या तयारीकडे वळू. येथे प्रौढ व्यक्तींचाच विचार केला आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा प्रश्न निराळा असून त्यात पालक आणि या विषयातील अनुभवी डॉक्टर यांचा सहभाग अपरिहार्य ठरतो.

पहिली तयारी अपेक्षांची. औषधाकडून काय मिळेल, काय मिळणार नाही आणि काय परत घेता येणार नाही, हे आधी समजून घ्यावे. स्त्रीत्वाकडे नेणाऱ्या उपचारात साधारणतः तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होऊ लागते, शरीरावरील चरबीची ठेवण बदलू लागते आणि स्तनांची वाढ सुरू होते. ती पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. परंतु वयात येताना फुटलेला आवाज औषधाने पुन्हा बारीक होत नाही, दाढी नाहीशी होत नाही आणि उंची तर बदलतच नाही. आवाजासाठी वाचोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे लागते, दाढीसाठी निराळे उपाय करावे लागतात. पुरुषत्वाकडे नेणाऱ्या उपचारात पाळी बहुधा पहिल्या सहा महिन्यांत थांबते. आवाज घोगरा होणे आणि दाढी येऊ लागणे यांस साधारणपणे सहा महिने ते वर्ष लागते. घराण्यात टक्कल असेल तर तेही वाट्यास येऊ शकते. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणेची शक्यता संपली असे मात्र नव्हे. टेस्टोस्टेरॉन हे संततिप्रतिबंधक नाही. औषध पुढे बंद केले तर काही बदल मागे फिरतात. खाली गेलेला आवाज आणि वाढलेले स्तन मागे फिरत नाहीत. जो हे जाणून खोलीत शिरतो तो डॉक्टरपाशी चमत्कार मागत नाही, आणि सहा महिन्यांनी निराश होऊन मात्रा आपल्या मनाने वाढवीतही नाही.

दुसरी तयारी स्वतःच्या आरोग्याच्या वृत्तांताची. ही माहिती एका कागदावर लिहून न्यावी. कारण ऐन वेळी धडधडत्या काळजाने निम्मे विसरले जाते. स्वतःस किंवा जवळच्या नातेवाइकांस रक्ताच्या गुठळीचा, हृदयाचा, यकृताचा अथवा स्तनाच्या कर्करोगाचा त्रास झाला आहे काय? अर्धशिशी, रक्तदाब, मधुमेह आहे काय? विडी-सिगारेटची सवय आहे काय? इस्ट्रोजेन घेणाऱ्याने धूम्रपान चालू ठेवले तर गुठळीचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दुसरी कोणती औषधे चालू आहेत? क्षयावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील काही औषधे इस्ट्रोजेन शरीरातून लवकर बाहेर काढतात, तेव्हा डॉक्टरला हे ठाऊक असणे अगत्याचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यापूर्वी आपल्या मनाने संप्रेरके घेतली असतील तर कोणती, किती आणि किती दिवस, हे न लपविता सांगावे. शक्य असल्यास गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्यावे.

तिसरी तयारी तपासण्यांची. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन व रक्ताचा दाटपणा, यकृत आणि मूत्रपिंड यांचे कार्य, साखर, चरबी आणि संप्रेरकांच्या पातळ्या या तपासण्या उपचारापूर्वी सामान्यतः सांगितल्या जातात. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते, तर पुरुषी संप्रेरकाचा प्रभाव रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. म्हणून पहिल्या वर्षी साधारणतः दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी, असा संकेत आहे. यावरून हेही उघड होते की, हा आठ दिवसांचा कोर्स नव्हे. औषध, तपासण्या आणि डॉक्टरची फी यांचा खर्च अनेक वर्षे चालणार असतो. तो पेलण्याचा विचार आरंभीच झाला नाही तर पैशाअभावी औषध मधेच थांबते, आणि त्याचा मनस्ताप न सुरू करण्याहून मोठा होतो. आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यसंरक्षणाचा करार केंद्र शासनाच्या दोन यंत्रणांत ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. तथापि आपल्या जिल्ह्यातील कोणत्या रुग्णालयात त्याचा लाभ प्रत्यक्ष मिळतो, याची चौकशी घरातून निघण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

चौथा विचार अपत्याचा. दोन्ही उपचारांनी प्रजननक्षमता कमी होते आणि ती पुन्हा पूर्ववत होईल याची शाश्वती देता येत नाही. वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याचा मार्ग उपचार सुरू होण्यापूर्वी घेणे श्रेयस्कर. विशीतल्या व्यक्तीला हा प्रश्न अप्रस्तुत वाटतो. कित्येकांना तर तो दुखावणाराही वाटतो. परंतु त्याचे उत्तर आज नकारार्थी असले तरी प्रश्न आज विचारला गेलाच पाहिजे, कारण उद्या तो विचारून उपयोग नसतो.

मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्राविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्याकडील बहुतेक अंतःस्रावतज्ज्ञ उपचारापूर्वी असे पत्र मागतात. व्यक्तीला उपचाराचे स्वरूप समजले आहे काय, ती संमती देण्यास समर्थ आहे काय, सोबत नैराश्यासारखा काही विकार असल्यास त्याकडे लक्ष दिले गेले आहे काय, हे पाहणे हा त्याचा हेतू. दुर्दैवाने हे पत्र म्हणजे उत्तीर्ण व्हावयाची परीक्षा होय, अशी समजूत रूढ झाली आहे. मग आधी गेलेल्यांकडून उत्तरे पाठ केली जातात. लहानपणापासून मला अमुकच खेळ आवडे, मला कधी शंका आली नाही, असे छापील कथन सुरू होते. मनात शंका असेल तर ती दडविली जाते, आधी घेतलेल्या गोळ्या दडविल्या जातात, आत्महत्येचे विचार येऊन गेले असतील तर तेही. अशा रीतीने रुग्णाच्या फाइलीचे पहिलेच पान असत्याने सुरू होते आणि त्यावर वर्षानुवर्षांचा उपचार उभा राहतो. याला जबाबदार कोण? जेथे खरे सांगितल्याची शिक्षा मिळते तेथे माणसे खरे सांगत नाहीत, हे शाळेत मुलांना शिकविणाऱ्या कोणालाही निराळे सांगावे लागणार नाही.

येथूनच डॉक्टरच्या तयारीचा मुद्दा सुरू होतो. रक्ताच्या तपासणीने यकृताची स्थिती कळते. घराण्यात कोणाला गुठळी झाली होती, हे रुग्णाने तोंडाने सांगितले तरच कळते. म्हणजे सत्य हेच येथे निदानाचे पहिले साधन आहे आणि सौजन्यावाचून ते हाती लागत नाही. तेव्हा तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू, असे विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. तो उपचाराचाच भाग होय. गरज नसताना अंगाची तपासणी न करणे, संमतीवाचून विद्यार्थ्यांचा घोळका भोवती उभा न करणे, ऐकलेले दाराबाहेर न नेणे, या गोष्टींना ना यंत्रसामग्री लागते, ना अंदाजपत्रकात तरतूद. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक व अशास्त्रीय मजकुराविषयी वैद्यकीय महाविद्यालयांना सूचना दिल्या, आणि अशा व्यक्तींना उपचाराच्या नावाखाली ‘बदलण्याचे’ प्रयत्न हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे २०२२ मध्ये स्पष्ट केले. दिशा योग्य आहे. परंतु परिपत्रकाने भाषा बदलते, नजर बदलावयास अधिक काळ लागतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हेटाळणीने झटकून टाकू नये. इतका गंभीर उपचार तरुण वयात सुरू करण्यात घाई होत नाही काय? पुढे पश्चात्ताप झाला तर? काही व्यक्ती उपचार मधेच थांबवितात, त्यांपैकी काहींना आपला निर्णय चुकल्यासारखे वाटते, हे खरे आहे. आणि तसे झाल्यास त्यांनाही त्याच डॉक्टरकडे निःसंकोच परत येता आले पाहिजे. परंतु घाईवरचा उपाय म्हणजे दार लावून घेणे नव्हे. दार लावले की घाई थांबत नाही. ती फक्त दुकानाच्या फळीपाशी जाऊन पोचते, जेथे प्रश्न विचारणारे कोणी नसते. विचारपूर्वक निर्णय व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर विचार करावयास जागा देणाऱ्या दवाखान्यांचा अधिक आग्रह धरावयास हवा. पहिल्या भेटीतच औषधाची चिठ्ठी मिळाली पाहिजे असा हट्ट रुग्णाने धरू नये. आणि चिठ्ठी न देता पाठविलेला रुग्ण पुन्हा येईल इतका विश्वास डॉक्टरने कमावलेला असावा. १९७९ साली प्रथम सिद्ध झालेल्या आणि २०२२ मध्ये आठवी आवृत्ती निघालेल्या आंतरराष्ट्रीय उपचारसंहितेचे सार याहून फारसे वेगळे काढता येणार नाही.

शेवटी राहतो तो तुमचाआमचा प्रश्न. हे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्वतः या रांगेत उभे राहावे लागेल. परंतु या रांगेच्या दोन्ही टोकांना आपल्यासारखीच माणसे असतात. एखाद्या शिक्षकापाशी त्याचा जुना विद्यार्थी येऊन हे बोलून जातो. त्या वेळी ऐकून घेऊन ‘डॉक्टरकडे मी सोबत येऊ का?’ असे विचारणे शिक्षकाला अवघड नाही. एखाद्या विद्यार्थ्याला वसतिगृहातील सोबत्याच्या पेटीत गोळ्यांची पाकिटे दिसतात. त्याची वाच्यता न करता त्याला तपासणीस जाण्यास सुचविता येते. आणि केसपेपरच्या खिडकीमागे बसलेला कारकून! दिवसातून शेकडो नावे लिहिणाऱ्या त्या माणसाने एखाद्या नावापाशी मान वर करून न हसता, आवाज न चढविता, ‘पुकारा कोणत्या नावाने करू?’ एवढे हळू विचारले, तर पहिल्या भेटीची निम्मी तयारी तेथेच पुरी झाली असे समजावे. उरलेली निम्मी करण्याचे बळ मग त्या व्यक्तीला येते, आणि रांग सोडून परत जाण्याचे तिला कारण उरत नाही.